हिमचौकीतलं पिस्तूल

दादाचं पिस्तूल शोधायला आम्ही तिघं निघालो होतो: मी, वहिनी आणि एक वाटाड्या. तीस वर्षांपूर्वी दादा तैनात असलेल्या वरच्या लष्करी चौकीवर हिमलोट कोसळला. दादाच्या सोबत्याचं प्रेत खाली मिळालं, डोक्याला खोल जखम. दादा मिळालाच नाही. त्यानेच सोबत्याला गोळी घालून पळ काढला, अशी कागदोपत्री नोंद झाली. यंदा बर्फ वितळून चौकीचं छप्पर उघडं पडल्याची बातमी आली आणि वहिनींनी बूट बाहेर काढले. दादाला काडतुसं मिळाली होती मोजून आठ. आठही सापडली, तर त्याच्यावरचा डाग पुसला जाणार होता.

मी जन्मभर शस्त्रागारात पिस्तुलं दुरुस्त केलेला माणूस. माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच चढाला हात टेकले. तिसऱ्या दिवशी घळ ओलांडताना वाटाड्याच्या पायाखालचा बर्फ खचला! तिघांना बांधलेला दोर ताणला गेला! मी पोटावर आपटून घसरत निघालो. वहिनींनी टाचा रोवल्या आणि आम्हा दोघांना धरून ठेवलं. त्यानंतर खायचं, चालायचं, पडायचं, एवढंच उरलं.

पाचव्या दिवशी दुपारी चौकी आली. मोडक्या तुळईखाली दादाचा पट्टा आणि त्यात पिस्तूल! नंबर जुळला. तेल सोडून अर्धा तास खटपट केल्यावर मुठीतलं काडतुसांचं मॅगझिन निघालं. काडतुसं मोजली. सात.

पुन्हा मोजली. सातच.

वहिनी मटकन खाली बसल्या. नळीत एखादं असलं तर बाहेर पडावं, म्हणून मी वरची सरकती स्लाइड मागे ओढून सोडली. काहीच बाहेर पडलं नाही. पिस्तूल रिकामं आहे, असं मी सांगून टाकलं. आता शस्त्रागारातल्या सवयीप्रमाणे चाप ओढून घोडा पाडायचा. बोट चापाकडे गेलं. नळी कुठे रोखली आहे, हे पाहायचंही त्राण नव्हतं.

"भाऊजी, आत बोट घालून पाहिलंत?" वहिनी म्हणाल्या. "हे मला म्हणायचे, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, बोट घाल."

मी थांबलो. नळी समोर बसलेल्या वाटाड्याच्या छातीवर होती! ती भिंतीकडे वळवली, स्लाइड मागे ओढून अडकवली आणि करंगळी आत घातली. नळीच्या मागच्या तोंडाशी गार पितळ लागलं. काडतूस बाहेर ओढणारा आकडाच गंजून तुटला होता, म्हणून ते आत राहिलं होतं. आठवं! दादाने एकही गोळी झाडली नव्हती.

काडतूस उचकटायच्या फंदात मी पडलो नाही. पिस्तूल खोलून नळी वेगळी केली. काडतूस नळीत राहिलं, त्याच्यावर आघात करणारी पिन स्लाइडमध्ये. दोन्ही भाग दोन पिशव्यांत गेले की धोका टळतो.

"सात मोजलीत तेव्हा यांनीच गोळी घातली, हे तुम्हालाही खरं वाटलं ना?" वहिनींनी विचारलं.

खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. "वाटलं, वहिनी."

त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि उतार धरला.