रिकाम्या विमानाचा तोल

आभासकक्ष म्हणजे जमिनीवरच उडणारं विमान. आत बसलं की खिडकीत ढग दिसत, पायांखाली थरथर जाणवे आणि समोरच्या पडद्यावर विमानाची बाह्यरेषा उमटे, तिच्या मधोमध एक हिरवा ठिपका. शलाका बोरकुटेनं तो ठिपका बोटानं नाकाकडे सरकवला. अगदी जरासा.

"माझ्या परीक्षेच्या दिवशी तो इथे होता, सर."

शेजारच्या आसनावर डॉ. पिंपळापुरे बसले होते. त्यांना ठिपक्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. तो गुरुत्वमध्य, विमानाचं सगळं वजन जिथे तोललं जातं ती जागा. तो पुढे असला की नाक जड होतं आणि विमान शहाण्यासारखं सरळ जातं. नवशिक्यांना सरावात तेवढी सूट असे. परीक्षेआधी ठिपका परत मधे आणायचा. त्या आठवड्यात तिची लेक कुहू तापानं फणफणली होती, शलाकाचा सराव झालाच नव्हता. तिनं ठिपका होता तिथेच राहू दिला. हे सांगताना ती पडद्याकडेच बघत राहिली.

परीक्षेपुरतं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्याच परीक्षेत हस्ततुला नावाची यंत्रणा वैमानिकाचा हात शिकून घेई. कुहूला कडेवर उचललं की तिचं पोट भरलंय की नाही, हे शलाकाला हातांनाच कळायचं. हस्ततुलेची कल्पना तीच. परीक्षेत ठिपका मधेच आहे असं धरून, हात विमानाचा दांडा किती ओढतो ते लक्षात ठेवायचं. मग खऱ्या उड्डाणात हाताच्या ओढीवरून वजन कुठे आहे ते ओळखायचं. ही पिंपळापुरेंचीच निर्मिती. ती आल्यावर गडचिरोलीच्या धावपट्टीवरचे वजनकाटे काढून टाकले होते.

"माझा हात नाक जड असलेल्या विमानावर शिकला," शलाका म्हणाली. "त्यामुळे वजन बरोबर मधे असलं तरी माझी हस्ततुला शेपूट जड म्हणते. देवाजीकाका नीटच भरतात, सर. उद्या त्यांना काढू नका."

देवाजी मडावी विमानात माल भरत. भामरागडकडे जाणाऱ्या औषधांच्या पेट्या, लसींचे डबे, कधी एखादी शिलाई मशीन. शलाकाच्या दुधाच्या बाटल्यांची बर्फपेटी ते न सांगता सावलीत नेऊन ठेवत. हस्ततुलेचा 'शेपूट जड' असा शेरा इतक्यांदा आला होता की उद्या त्यांचा परवाना रद्द व्हायचा होता. "मी तं मधातच ठेवलं होतं, मॅडम," असं ते एकदा तिला म्हणाले होते. तिनं तेव्हा घड्याळ बघितलं होतं.

पिंपळापुरे चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "तुझा हात वगळतो. पण उरलेल्या सातही वैमानिकांचे हात तेच सांगतायत. सात काटे एकच वजन दाखवतात तेव्हा आपण काट्यांवर संशय घेत नाही, शलाका."

"ही युक्ती मला त्या सातांतल्याच एकानं शिकवली. त्याला कुणी शिकवली ते मी विचारलं नाही."

"काहीतरीच बोलतेस."

मग तिनं सुचवलं, की विमान रिकामंच उडवून बघावं. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य कारखान्यातच मोजलेला असतो, आसनांवरच्या दोघांची वजनं माहीत असतात, म्हणजे तोल मधेच यायला हवा. देवाजीकाकांचा त्याला हातच लागत नाही.

"तुझ्या हातानं काय सिद्ध होणार? मी उडवतो," पिंपळापुरे म्हणाले. "हस्ततुला पहिल्यांदा माझ्याच हातावर शिकली आहे."

वैनगंगेवरून विमान संथ वळलं. पडद्यावर अक्षरं उमटली: शेपूट जड. पिंपळापुरेंनी आणखी एक फेरी मारली, दांडा अलगद धरून. शेपूट जड. त्यांनी हात काढला, पँटला पुसला, पुन्हा धरला. अक्षरं बदलली नाहीत.



"आभासकक्षाच्या उद्घाटनाला आत पाहुणे बसले होते," पिंपळापुरे म्हणाले. "नाक डगमगायला नको म्हणून मी ठिपका पुढे ठेवला, आणि हस्ततुला तेव्हाच माझा हात शिकली. नंतर ते दुरुस्त करायचं राहून गेलं."

क्षणभर शलाकाला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटली. उद्याचा आदेश मागे घेतो, काटे परत बसवायला सांगतो, असं ते पुटपुटले. तिच्याकडे न बघता.

विमान थांबलं तसे देवाजी चाकांना ठोकळे लावायला धावत आले. ठोकळे लावून त्यांनी उघड्या दारातून आत डोकावलं. पडद्यावरची अक्षरं अजून तशीच होती. त्यांनी ती वाचली. ते मागे गेले, शेपटीकडचा मालकप्पा उघडला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून कोपरे चाचपायला लागले.

"काही राहून गेलं का माह्या हातून?" त्यांनी आतूनच विचारलं.

"रिकामं आहे, काका," शलाका म्हणाली.

ते तरी जाळीखाली चाचपतच होते. पिंपळापुरे पायरीवर उभे होते, ती त्यांच्या मागे. देवाजींचा हात बाहेर येईपर्यंत दोघंही तिथून हलली नाहीत.