विहिरीकडची ओळ

“त्या ओळीतला एकही टोमॅटो विकायचा नाही, पोरी... पुरता पिकू द्यायचा, बी काढायचं, राखेत घोळून वाळवायचं, आणि मग बाकीची कामं!”

आईला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचा तो आवाज अक्काच्या कानात तसाच होता... आणि डोळ्यांसमोर विहिरीकडची ओळ उभी होती, रिकामी! एकूण एक झाड ओरबाडलेलं! देवासमोर हात जोडून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, आधी या ओळीला पाणी घालायचं हा तिचा रोजचा नेम. आज भरलेली कळशी तशीच खाली टेकली.

तोडणीचा ऐन हंगाम होता. उन्हानं माती भाजून निघत होती, ओळीओळींतून माणसं वाकली होती, आणि शेडमध्ये धाकटा भाऊ घाईघाईनं माल निवडत होता.

“धाकट्या, विहिरीकडची ओळ कुणी तोडली?”

“मीच, पहाटे,” त्यानं मान वर न करताच सांगितलं. “क्रेटच्या वरच्या थराला देखणा माल नको का? तुझे टोमॅटो बघून व्यापाऱ्याचे डोळेच दिपले असतील!”

“गाडी गेली?”

“केव्हाच! अगं, चेहरा काय असा करतेस? बी दुकानात मिळतं. पाकिटावर चित्रसुद्धा असतं!”

तोडणीच्या बाया फिसकन हसल्या. अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. चित्र! तिच्या आईनं पदराच्या गाठीत जपलेल्या, तिनं स्वतः वर्षानुवर्षं उराशी धरून सांभाळलेल्या त्या बियांची किंमत एका चित्राएवढी?

“वर्षभर थांब ना,” तो म्हणाला. “डबीत थोडं असेलच की.”

अक्का घरात गेली. परत येऊन तिनं आईची पितळी डबी त्याच्यापुढे धरली आणि झाकण उघडलं. आत बोटाला लागेल एवढी राख होती... बस्स!

“या साली तुझी सगळी रोपं जळाली, तेव्हा माझ्या दारात कोण आलं होतं?” तिचा आवाज चढला नव्हता, पण शेडमधले हात थांबले. “‘अक्का, वाचव,’ कोण म्हणालं होतं? डबी उलटी करून मी शेवटचा दाणासुद्धा तुझ्या ओंजळीत टाकला, तेव्हा काय शब्द दिला होतास? ‘विहिरीकडची ओळ तुझी, तिला हात लावणार नाही!’ दिला होतास ना?”

धाकट्याच्या हातातला टोमॅटो हातातच राहिला.

“मला... मला वाटलं, तू मागे थोडं ठेवलं असशील.”

“मागे ठेवायची मला सवय आहे का रे?” आता मात्र तिचा आवाज चढला. “आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. दारात आलेली स्थळं मी परत पाठवली, त्याचा हिशोब कधी मागितला? सगळं आयुष्य या घराला दिलं... मागितली ती फक्त एक ओळ!”

“पुन्हा फळं येतील, अक्का...”

“या उन्हात? फूल धरायच्या आत गळतंय, तुझ्या डोळ्यांना दिसत नाही? आणि त्या बियांच्या बाकीच्या ओळी तर तू केव्हाच तोडून संपवल्यास, आता उरलंय ते सगळं दुकानाच्या बियाचं!”

“अहो, आता तरी गप्प बसा!” भावजय पुढे आली आणि तिनं अक्काचा हात धरला. “वन्सं, यांचं चुकलं. सांगा, हे बी आणखी कुठे असेल?”

अक्कानं डोळे पुसले. किती वर्षं गिळलेलं नाव ओठांवर आलं होतं...

“मधलीकडे.”

धाकट्याचा चेहरा दगडासारखा झाला. मधल्या बहिणीनं आपल्या मनानं लग्न केलं त्या दिवशी यानंच तिच्या तोंडावर दार लावलं होतं, आणि पुन्हा तिचं नाव घरात निघू दिलं नव्हतं.

“तू दार लावलंस, आणि मी मागच्या दारानं गेले,” अक्का म्हणाली. “आईच्या बियांतली मूठभर तिच्या पदरात बांधली. पोरगी रिकाम्या हातांनी कशी पाठवू? तिच्या अंगणात दर वर्षी हीच झाडं वाढतात.”

ट्रकचा भोंगा वाजला, दुसरी खेप न्यायला गाडी परत आली होती. धाकट्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं हात धुतले, तो अक्काच्या पायांशी वाकला, आणि खाली मान घालूनच पुटपुटला, “अक्का, बी घेऊन येईन. आणि ती येत असेल तर... तिलाही.”

अक्काचा संताप अजून धगधगतच होता, पण तिचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला.

“ती खूप बोलेल मला,” तो म्हणाला.

“बोलू दे. उलट उत्तर करू नकोस. सगळं ऐकून घे, आणि मग डबी पुढे कर.”

अक्कानं पदर खोचला आणि ती त्याच्या जागी माल निवडायला बसली. धाकट्यानं रिकामी डबी खिशात घातली, उभ्या ट्रकला वळसा घालून तो बांधावर चढला, आणि भर उन्हात मधलीच्या घराच्या वाटेला लागला.