गिरणीची मालकीण

“ए, ताण की जरा. भात भिजतोय समदा.”

कुणीतरी ताडपत्रीचं टोक हातात कोंबलं आणि शेफाली अवाक् झाली. शिवऱ्याच्या तांदूळ गिरणीवर आनंदरावांच्या लेकीला ‘ए’ म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण दिवाळीनंतरच्या त्या अवकाळी सरीत भांडायला वेळ कुठला... तिनं निमूट ताडपत्री ताणली. टेम्पोच्या पलीकडून दोन मिस्कील डोळे तिच्याकडे बघत होते.

“नवीन लागलीस व्हय कामाला?”

“जुनीच आहे. गिरणी माझ्या वडलांची.”

त्याचा चेहरा असा काही उतरला की तिला हसू आवरेना.

“म्या... आकाश. विंझरचा,” तो चाचरत म्हणाला.

त्यानंतर विंझरचा भात गिरणीवर जरा जास्तच येऊ लागला. एकदा तर अख्ख्या टेम्पोत एकच पोतं.

“एवढ्यासाठी आलात?”

“भातासाठी न्हाई... म्हंजे, भातासाठीच की.”

असं वर्ष गेलं. गप्पा खूप झाल्या, पण मूळ मुद्द्याला काही त्यानं हात घातला नाही. शेफाली वाट बघून मनातल्या मनात चरफडायची.

घरात मात्र वेगळंच शिजत होतं. आबा, म्हणजे आनंदराव, थकले होते आणि गिरणी कुणाच्या हाती द्यायची यावरून बहीण-भावात जुंपली होती. सार्थकला ती पाडून हायवेवर हॉटेल थाटायचं होतं. शेफालीला ती चालवायची होती, आणि आबांच्या आजारपणापासून चालवत तीच होती.

शेवटी आबांनी दोघांना गिरणीच्या ऑफिसात बसवलं. वजनकाट्याची पावती घ्यायला आलेला आकाश दारातच घुटमळला.

“शेफे, कारभार तुझ्याच हाताला शोभतोय,” आबा म्हणाले. “पर उद्या नांदाया गेलीस की? गिरणी काय लेकीसंगं सासरी धाडायची?”

सार्थक गालातल्या गालात हसला. आबांच्या तोंडून हे ऐकावं लागेल असं शेफालीला कधी वाटलं नव्हतं.

“म्या येतो की हितं,” दारातून आवाज आला. “घरजावई.”

सार्थकच्या हातून मोबाईल निसटला. आबांचा आ वासलेलाच राहिला. घरजावयाला गावात काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे या बहाद्दराला ठाऊक नव्हतं थोडंच.

“तुझ्या घरी चालंल?” आबांनी कसंबसं विचारलं.

“घरी अजून सांगितलं न्हाई.”

“मला तरी कुठं सांगितलंय?” शेफाली बोलून गेली. तिचे कान तापले होते. आनंदही झाला होता आणि रागही आला होता.

“आबा, मला घरजावई नको,” ती म्हणाली. “नवरा आणला म्हणून गिरणी मिळणार असेल, तर ती त्याचीच झाली. मी कुठंही नांदले तरी रोज सकाळी इथं येईन. पटलं तर माझ्या हातात द्या, नाहीतर हॉटेल बांधा.”

आबा सावकाश आपल्या खुर्चीतून उठले.

“बस हितं.”

सार्थक पाय आपटत निघून गेला. शेफाली खुर्चीत टेकली. तिनं दाराकडे पाहिलं तर आकाश नव्हता. ती धावतच बाहेर आली. तो खाली मान घालून टेम्पोची चावी फिरवत होता.

“निघालात?”

“सगळ्यांसमोर नको म्हणालात न्हवं...”

शेफालीनं टेम्पोच्या दारावर हात ठेवला.

“घरजावई नको म्हणाले. नवरा नको कुठं म्हणाले?”