मुतालकीचा विडा

केळंबगडाच्या महादरवाजावर नौबत झडली तेव्हा पूर्वेला नुसते तांबडे फुटले होते, आणि खोऱ्यातले धुके तटाला असे बिलगले होते की गडावरून गाव दिसू नये आणि गावातून गड. नौबतीसरशी दरवाजा उघडला, लोकसंघाचे प्रतिनिधी आत आले, आणि दिवसभर उघडा राहायचा तो दरवाजा पुन्हा लागला. अडसर सरकल्याचा आवाज सदरेवर बसलेल्या जिवाजीराव शिरंबेकरांनी ऐकला. सगळे ज्यांना आबासाहेब म्हणत असे ते संघाचे अध्यक्ष, पिढीजात इनामदार, दरबारातले ताजिमीचे मानकरी. दरवाजा कशासाठी लागला हे सबंध गडावर त्यांना आणि दिवाणांनाच ठाऊक होते.

केळंबच्या महाराजांनी त्या साली कायदेमंडळ दिले होते. संस्थानात मोठा पक्ष एकच, लोकसंघ. ज्याला त्याची उमेदवारी, त्याची जागा पक्की, हे शेंबडे पोरही सांगत होते. संघ काढला सरदारांनी आणि वकिलांनी. पण अलीकडे समाजवादी म्हणवणारी तरणी मंडळी त्यात अशी काही शिरली, गावोगावच्या समित्या अशा एकामागून एक जिंकत सुटली, की जुन्यांना आपल्याच घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसावे लागू लागले. त्या तरण्यांचा म्होरक्या केरबा ढमाले. घाटमाथ्याच्या तालुक्याने त्याला हात वर करून निवडले होते आणि त्याचे मागणे एकच होते: वेठ बंद. सरकारी धान्य वाहायला, इनामदारांची शेते नांगरायला रयतेला धरून न्यायचे आणि मजुरी म्हणून छदामही द्यायचा नाही, हे थांबले पाहिजे. कायदेमंडळातले पारडे इतके समसमान होते की केरबा आत गेला तर वेठ जाणार, आणि त्याच्याऐवजी दिवाणांचा मेहुणा गेला तर राहणार.

दिवाण त्रिविक्रमपंत मोठे गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी जिवाजीरावांना वाड्यावर बोलावून, अत्तर-गुलाब करून, गळ्यात अलगद फास अडकवला होता. केरबाला काढा, असे ते म्हणालेच नाहीत. संघाचा जुना रिवाज तेवढा पाळा, म्हणाले. रिवाज असा, की उमेदवाराने भर सभेत तबकातला विडा उचलायचा आणि गादीशी इमान राखण्याची शपथ घ्यायची. न उचलला, तर उमेदवारी दुसऱ्याची. आणि समाजवाद्यांनी तर मोठ्या ऐटीत ठराव करून ठेवला होता, की हा सरंजामी विडा आमच्यातला कोणी शिवणार नाही. त्यांच्याच ठरावात त्यांना अडकवा, तुमच्या हाताला डाग लागत नाही, असे दिवाणांनी समजावले. आणि सभेने दंगा केला तर सगळ्यांना राजद्रोही ठरवून गडावरच कोंडण्याचा हुकूम तयार आहे, हेही सुपारी कातरता कातरता सांगून टाकले. जिवाजीराव हो म्हणून आले. त्यांच्याही शेतावर वेठीची माणसे राबत होती, त्यामुळे हो म्हणणे फारसे जडही गेले नव्हते. आज तटावर बंदुकवाले उभे पाहून त्यांना त्याच गोष्टीची लाज वाटत होती.

घाटमाथ्याचे नाव पुकारले गेले आणि केरबा तबकापुढे येऊन उभा राहिला. दोन्ही हात त्याने पाठीमागे बांधले होते. विडा उचलावा तर सोबत्यांना दिलेला शब्द मोडतो, न उचलावा तर तालुक्याची मान वेठीच्या जोखडाखाली राहते. शेजारी दिवाणांचा मेहुणा मिशीला पीळ देत उभाच होता. मग केरबाचा उजवा हात सावकाश पुढे येऊ लागला, तशा मागे बसलेल्या त्याच्या सोबत्यांनी एकेक करून माना खाली घातल्या. एका भल्या माणसाला त्याच्या माणसांदेखत मोडायचे काम आपण पत्करले आहे, हे जिवाजीरावांना त्या क्षणी लख्ख कळले. आपल्याच किळसेने त्यांना बसवेना. ते उठले आणि केरबाचा हात पोचण्याआधी त्यांनी स्वतः विडा उचलला.

गादीशी इमानाची शपथ खड्या आवाजात घेऊन ते सदरेवरच बसलेल्या दिवाणांकडे वळले.

"दिवाणसाहेब, विडा मी उचलला, घाटमाथ्याची कामगिरी माझ्याकडे आली. सरदाराला मोहिमेवर जाणे न झाले तर त्याने आपल्या जागी आपला माणूस, मुतालिक, पाठवावा, आणि मुतालकाने वेगळी शपथ घेऊ नये, हा दरबारचा कदीम रिवाज आहे. माझा मुतालिक केरबा ढमाले."

त्रिविक्रमपंतांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. रिवाजाचा हट्ट त्यांनीच धरला होता, आणि तो मोडायला आता तोंड उरले नव्हते.

"मुतालिक चुकला तर धनी जामीन असतो, आबासाहेब. वतनानिशी आणि देहानिशी."

"ठाऊक आहे."

केरबा मात्र घुश्शातच होता. "तुमचा मुतालिक झालो म्हणून तुमच्या शेतावरच्या वेठीला मी सोडायचो न्हाई, आबासाहेब."

"सोडू नकोस," जिवाजीराव म्हणाले.

पुढे केरबा कायदेमंडळात गेला. वेठबंदीचा कायदा निसटत्या मतांनी मंजूर झाला आणि रयतेच्या धाकाने महाराजांनी त्यावर शिक्काही उठवला. पण त्या दिवशीच्या भाषणात केरबाने गादीलाच वेठीवर पोसलेली म्हटले होते, आणि दिवाण टपून बसले होते. मुतालिक बेइमान ठरला. जिवाजीरावांचे इनाम जप्त झाले आणि त्यांना केळंबगडावर कैदेत ठेवण्याचा हुकूम सुटला.

त्यांना नेले त्या दिवशी गडाच्या पायथ्याशी डोली ठेवली होती, कारण संधिवाताने त्यांचे गुडघे कामातून गेले होते. हवालदाराने गावात जाऊन डोली वाहायला उठा, असे माणसांना फर्मावले. कोणी उठले नाही. कायदा झालाय, एवढेच त्यांनी सांगितले. हवालदार हात हलवत परत आला, तेव्हा गर्दीतून केरबा पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते. त्याने वाकून डोलीच्या दांड्याला हात घातला.

"ठेव खाली," जिवाजीराव म्हणाले.

"मी खुशीनं उचलतोय, आबासाहेब. ही वेठ न्हाई."

"आज तू खुशीने उचललीस, तर उद्या हा हवालदार दुसऱ्या कुणाला धरील आणि म्हणेल, हाही खुशीनेच उचलतोय."

केरबाने दांडा सोडला. जिवाजीरावांनी काठी टेकली, तोंडातून कण्हणे बाहेर पडू न देता पहिली पायरी चढली, आणि मग दुसरी.