चिंधी बांधलेली कणसं

उज्वलाने देवरामला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या एका हातात विळा होता, दुसऱ्या हातात ज्वारीची हिरवी कणसं होती, आणि चेहऱ्यावर असं हसू होतं, की जणू पेरणी त्यानेच केली होती.

प्रत्येक कणसाच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली होती.

"ताई, ही बघा," तो म्हणाला, "सगळ्यात भारी कणसं शोधून आणली."

उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन हजार चारचा जानेवारी. थंडी पडली की नाशिककरांना हुरडा आठवतो, आणि हुरडा आठवला की त्यातल्या निदान काही जणांना सिन्नर रस्त्यावरचा सावळीरामांचा मळा आठवायचा. त्या रविवारी अंबडच्या एका कारखान्यातली पोरं आली होती. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली जात होती, लसणाची चटणी, दही, गूळ... सगळं कसं झकास चाललं होतं. आणि या एका शहाण्याने...

"चिंधी दिसली नाय तुम्हाला?"

"दिसली ना. म्हणून तर कापली."

"म्हणून?"

"आमच्या हरसूलच्या घरी आई नागलीच्या कणसांना अशीच चिंधी बांधते. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. पहिला घास त्यांचा. मला वाटलं—"

"बियाणं होतं ते." तिने विळा हिसकावून घेतला. "पुढच्या वर्षाचं बियाणं."

देवरामने आगटीकडे पाहिलं. निम्मी कणसं तिच्यात गेली होती. उरलेली त्याच्या हातात होती, पण कोवळ्या दाण्याचं बी होत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. शेतकऱ्याचाच मुलगा तो.

सावळीरामांची ही ज्वारी जुनी होती. त्याच नावाचं बी दुकानात मिळायचं, पण हा गोडवा त्याला नव्हता. म्हणून एक वाफा जपलेला, आणि त्यातली उत्तम ताटं दर वर्षी चिंधी बांधून राखलेली. बाकीचा वाफा हुरड्यात संपायचा. यंदाही त्याच रविवारी संपला होता. सावळीरामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी रोज संध्याकाळी वाफ्यात फिरून, बोटांनी दाणा चाचपून त्यांनी ही कणसं निवडली होती.

"जाऊ दे पोरी," ते आगटीपाशी बसल्या बसल्या म्हणाले. "मुद्दाम नाय केलं त्यानं."

वडिलांचं हे शांत बोलणं ऐकून तर तिचा संताप आणखीच वाढला.

"मी भरून देतो," देवराम म्हणाला.

"काय भरून देता? माझ्या बापाची बोटं?"

जाताना एकदा मागे वळून पाहिलं त्याने. उज्वलाने पाठ फिरवली — पण पाठ फिरवायच्या आधी तिनेही पाहिलं होतं, हे कबूल करायला हवं.

पुढच्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या मैदानात खाद्यजत्रा भरली. एका बाजूला वांग्याचं भरीत, एका बाजूला मांडे, मधे ऑर्केस्ट्रावाल्यांचं स्टेज, आणि स्वेटर-मफलरमध्ये गुरफटलेलं अख्खं नाशिक. उज्वला हुरड्याची थालीपीठं लावत होती. रांगेत देवराम दिसला. त्याची पाळी आली तशी तिने त्याच्या मागच्याला प्लेट दिली. मग त्याच्या मागच्याला. तो तसाच उभा राहिला, तव्यावरची वाफ तोंडावर घेत.

"ताई..."

"ताई म्हणू नका मला."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. बाजूला सरका, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"एक विचारायचं होतं. मागच्या वर्षी पिकलेली कणसं कुणाला दिली होती का तुम्ही?"

तिचा हात तव्यावरच थांबला. दिली होती! मागच्या वर्षी चिंधीची ताटं पिकल्यावर सावळीरामांनी ओळखीच्या घरांना कणसांचा एकेक झुबका दिला होता, दाराशी टांगायला. चिमण्यांसाठी.

"चिमण्यांनी खाल्लं असेल की."

"शहरात चिमण्या राहिल्यात कुठं?" तो म्हणाला.

तिला हसू येणार होतं. तिने ते रागाने गिळलं आणि एक थालीपीठ त्याच्यापुढे आदळलं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. तो मोटारसायकलवर पुढे, ती स्कूटीवर मागे. त्याच्या मागे बसायचा प्रश्नच नव्हता, आणि बोटं थंडीने आखडली तरी तिने तसं सांगितलं नाही. कॉलेज रोडच्या एका घरी नुसत्या काड्या लोंबत होत्या. तिथे चिमण्या राहिल्या होत्या म्हणायच्या. इंदिरानगरात रंगकाम काढताना झुबका फेकून दिलेला. तिसरा एका हौशी नाटकमंडळीकडे होता, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा प्रयोग होता. दोघं तिकीट काढून आत गेले, रंगमंचावरच्या घराच्या दाराशी कणसं टांगलेली दिसली, म्हणून शेवटपर्यंत बसले.

नाटक विनोदी होतं. उज्वला हाताची घडी घालून बसली होती. दुसऱ्या अंकात मात्र ती खळखळून हसली, आणि लगेच त्याने पाहिलं का म्हणून वळली. तो नाटक सोडून तिच्याचकडे बघत होता...

"समोर बघा," ती म्हणाली.

"समोरच बघतोय."

पडदा पडल्यावर कळलं की झुबका प्लास्टिकचा होता. खरा उंदरांनी फस्त केला होता. त्यावर देवरामलाच हसू फुटलं, आणि उज्वला पार्किंगपर्यंत त्याला बोलत सुटली — विळा हातात घेताना अक्कल कुठे ठेवली होती, इथपासून मफलर कसला माकडासारखा गुंडाळलाय, इथपर्यंत. त्याने मफलर सोडला आणि तिच्या स्कूटीच्या हॅंडलवर ठेवला.

"तुमची बोटं निळी पडलीत," एवढंच म्हणाला आणि गेला. चिडावं तरी कशावर, हे तिला घरी पोहोचेपर्यंत सुचलं नाही. मफलर हातांना गुंडाळून ती गाडी चालवत होती.

शेवटचं ठिकाण पंचवटीतलं मंगलाबाईंचं मिसळीचं दुकान. सकाळची वेळ, बाकं भरलेली, काळ्या मसाल्याचा वास रस्त्यापर्यंत. आत देवाच्या तसबिरीवर झुबका होता! धुरकटलेला, पण दाण्यांनी भरलेला.

"तुम्हीच विचारा," उज्वला म्हणाली.

"मी का? झुबका तुमच्या घरचा."

"कणसं कुणी कापली?"

"अजून किती दिवस ऐकवणार आहात?"

"ज्वारी उगवेपर्यंत!"

मंगलाबाईंनी गल्ल्यावरून मान वर केली. सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "देते मी कणसं. पण आल्यापासनं नुसते भांडताय माझ्या दुकानात. एकेक मिसळ खा. प्लेट संपेस्तोवर दोघांनीबी तोंडातून शब्द काढायचा नाय. बोलला की झुबका राहिला इथंच."

दोघं समोरासमोर बसले. पहिल्याच घासाला देवरामच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक लाल, कान लाल. उज्वलाने दह्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. त्याने आपला पापड मोडून मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवला. तिने भुवया उडवल्या. त्याने दोन्ही कान पकडले — तिथे, भरल्या दुकानात, रश्श्याने माखलेल्या बोटांनी.

इतके दिवस बोलून बोलून टिकवलेला राग बोलणं बंद झाल्यावर टिकेना. आणि राग सरकला, तसं त्याच्याखाली काय होतं ते तिला स्वच्छ दिसलं. हा माणूस तिला आवडत होता. याचा तिला फार राग आला.

सावळीरामांनी त्यातले थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. जुनं बी, त्यात धुरात टांगलेलं, भरवसा नव्हता. चौथ्या दिवशी फडकं सोडून त्यांनी बोटांनी चाचपलं आणि ते हसले. पांढरे मोड त्यांच्या बोटांना लागले होते. उरलेलं बी राखेत घालून उतरंडीत गेलं, नवरात्रात पेरलं गेलं.

या दिवसांत देवराम दर रविवारी मळ्यात येऊ लागला. उज्वलाच्या चुलत्याने एकदा नाक मुरडून विचारलं, "हरसूलकडचा डोंगरातलाच मिळाला का?" तेव्हा तिने जो आवाज चढवला, तो शेजारच्या वस्तीवर ऐकू गेला. त्यानंतर कुणी विचारलं नाही. सावळीरामांनी तर दुसऱ्याच दिवशी देवरामच्या आईबापांना हुरड्याचं आवतण धाडलं.

पुन्हा जानेवारी आला. वाफा माणसाच्या डोक्यावर गेला होता. सावळीराम कणीस चाचपून "हे" म्हणायचे, देवराम ताट वाकवून धरायचा आणि उज्वला चिंधी बांधायची. निवड संपली, सावळीराम आगटीकडे गेले. तिच्या हातात एक चिंधी उरली.

"हिचं काय करायचं?" देवरामने विचारलं.

"इकडे या."

"आता काय चुकलं?"

"या म्हटलं ना."

तो जवळ आला. तिने त्याच्या शर्टाच्या बटणाला चिंधी बांधली, चांगली दोन गाठी मारून.

"हरसूलला चिंधीचा अर्थ काय ते माहिताय मला," ती मान वर न करता म्हणाली. "पाहुण्यांसाठी राखलेलं. आमच्या मळ्यात तसं नसतं. आमच्यात चिंधी बांधली, की ते घरातच राहतं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. मग हळूच... "ताई."

पूर्ण वाफाभर ती त्याच्या मागे ढेकूळ घेऊन धावली. त्याने एका हाताने बटणावरची चिंधी घट्ट धरून ठेवली होती.