अजून गाडीतच

जळकोटच्या पलीकडच्या त्या सरकारी दवाखान्यात भर दुपारी चिटपाखरू नसायचं. नवा डॉक्टर रविकिरण एकटाच डबा उघडून बसला होता. तेवढ्यात केवळाबाईला बाजेवर घालून आणलं. रात्री भुईवर झोपलेली, पहाटेपासून पोटात कळा, आता पापण्याच उचलेनात. मण्यार चावली होती.

त्यानं लक्षणं संगणकात भरली. तशाच जुन्या रोग्यांना शोधून, त्यांना काय केलं, पुढं काय झालं, हे तो संगणक दाखवायचा. पहिलंच नाव आलं : कमलम्मा, उदगीरकडची. सापाची लस न देता नांदेडला पाठवली. निकाल : सुधारणा.

त्यानंही केवळाबाईला नांदेडला न्यायला दवाखान्याची गाडी काढायला सांगितली.

"सर," शिवानी सिस्टर दबक्या आवाजात म्हणाली, "ती कमलम्मा पोचलीच न्हाई, वाटंतच गेली. गाडी फाटकाबाहेर गेली की सुधारणा लिहून केस बंद करायची, असं वरून सांगितलंय. इथं कुणी मेलेलं दिसाया नको."

"मग मी आजवर..."

"तुमी कवा विचारलं?"

म्हणजे वरच्यांचे आकडे साफ राहावेत म्हणून मेलेल्यांना बरं केलं होतं, आणि त्यांच्याच भरवशावर जित्यांचे उपचार ठरत होते. संतापानं त्यानं पडद्याकडं पाहिलं. कमलम्माचा निकाल बदलला होता.

अजून गाडीतच आहे.

केवळाबाईचा लेक बाहेर थांबला होता; खोलीत तिच्याखेरीज ती दोघंच होती. शिवानीचे दोन्ही हात केवळाबाईच्या डोक्याखाली होते.

त्यानं गाडी थांबवली. लस तिथंच लावली. दिवस कलताना केवळाबाईनं जड पापण्या उघडल्या, लेकाला ओळखलं. ड्रायव्हर कधीच जेवायला गेला होता. लिंबाखाली रिकामी गाडी तापत उभी होती. तापलेल्या रेक्झिनचा वास येत होता, त्यात विभूतीचाही.

"नीरु..."

बाईचा आवाज. कानडीत पाणी मागत होती. गाडीतून.

रविकिरणनं तांब्या भरला. निघताना नजर पडद्यावर गेली. कमलम्माखाली आणखी नावं उमटली होती. विरूपाक्ष, अजून गाडीतच आहे. गुरुलिंग, अजून गाडीतच आहे. शेवटचा धोंडप्पा. त्याला सोमवारी रविकिरणनंच पाठवलं होतं, आणि तो बरा झाला असं धरून चालला होता.

बाहेर गाडीच्या पत्र्यावर आतून बोटं वाजली. एका माणसाची नव्हती.

त्याच्या हातात एकच तांब्या होता.