निहारच्या पेशी

माणूस गेल्यावर त्याच्या पेशी जिवंत कशा राहतात? सांगलीच्या मेंदू-संशोधन केंद्रात शिरताना अकरा वर्षांच्या रेवाच्या डोक्यात हा एकच प्रश्न होता. तिचा दादा निहार जाऊन आठ महिने झाले होते. साल २०५१ उजाडलं, तरी त्याच्या आजारावर औषध नव्हतं. आधी त्याचे पाय अडखळू लागले, मग बोलणं, शेवटी गिळणंही थांबलं.

या केंद्रात वाढवलेल्या त्याच्या पेशी इतर प्रयोगशाळांना द्यायच्या, तर आईबाबांची परवानगी हवी होती. बाबांनी सही केली. आईने कागद बाजूला सारला. "माझ्या लेकाचं आता काही कुणाला द्यायचं नाही," ती म्हणाली. तिला नीट समजावता यावं म्हणून बाबा रेवाला घेऊन पेशी बघायला आले होते.

डॉ. झरीन मुकादम यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. शेजारी यंत्रमानव काचेच्या बश्यांमध्ये गुलाबी पोषकद्रव सोडत होता. रेवाने डोळा लावला. चांदण्यांसारख्या, फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या.

"हा दादा आहे?"

"नाही, बाळा."

"पण त्याला मी आठवते ना?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "आठवणी मेंदूतल्या अब्जावधी पेशींच्या जोडण्यांत असतात. यांना तशा जोडण्याच नाहीत. यांना काही आठवत नाही, आणि दुखतही नाही."

रेवाला रडू कोसळलं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ती दादाला भेटायलाच आली होती. बाबा नुसतेच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग या आल्या कुठून?"

"निहारच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा घेतला होता. त्यापासून मूळपेशी (कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी) केल्या आणि त्यांना मायलिन बनवायचं वळण लावलं. अन्न आणि ऊब मिळाली की त्या शरीराबाहेरही जगतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. याला पेशीमालिका म्हणतात."

"मायलिन म्हणजे दादाला कमी होतं ते?"

"हो. चेतातंतूंवरचं (मेंदूचे संदेश नेणाऱ्या धाग्यांवरचं) स्निग्ध वेष्टन. ते नसलं, तर 'पाय उचल' हा संदेश वाटेतच विरतो. 'वेष्टन गुंडाळ' हा निरोप पेशीला मिळतो ग्राहीमुळे (पेशीच्या पृष्ठभागावरचं, ठरावीक रेणू ओळखणारं प्रथिन). निहारच्या पेशींत ग्राही आतच अडकला होता. जिवंत मुलाच्या मेंदूत ते दिसत नाही, इथे दिसलं. चारशे रेणू वापरून पाहिले. एकाने ग्राही पृष्ठभागावर आणला."

दुसऱ्या बशीत पेशी कृत्रिम धाग्यांभोवती वेष्टन गुंडाळत होत्या.

"हे आधी का नाही केलंत?"

"तो मार्चमध्ये गेला, रेवा. आम्हाला जूनमध्ये कळलं."

घरी पोचताच आईने विचारलं, "होता तो तिथे?"

"नाही, आई. तो कुठेच नाही."

दोघी एकमेकींना धरून खूप रडल्या. मग रेवाने पाहिलेलं सगळं एकेक करून सांगितलं. औषध व्हायला अजून काही वर्षं लागतील, अनेक ठिकाणी एकदम काम झालं तर लवकर होईल, हेही सांगितलं.

"असा आजार आणखी कुणाला आहे?" आईने विचारलं.

"देशात एकवीस मुलांना. सगळ्यांत लहान मुलगी दीड वर्षाची आहे. तिला अजून त्रास नाही, रक्ततपासणीत कळलंय."

"नुकते पाय फुटले असतील तिला," आई पुटपुटली आणि तिने बाबांकडे पेन मागितलं.